मुठीचं माप

बोहरी आळीत गाडी लावायला जागा मिळणं
हे अर्धं काम. ते झालं.
उरलेलं अर्धं : तुझ्यासाठी सुरी.

शाल्मली म्हणाली, बाबाची सुरी
टोमॅटो कापत नाही, टोमॅटोला समजावत बसते.
दहा वर्षांची आहे. असली वाक्यं तुझ्याकडून उचलते.
शनिवारी तुझा वाढदिवस,
तिच्या गल्ल्यात निघाले तीनशे ऐंशी,
वर माझे पाचशे.
त्यात बसवायचं.

हकीमुद्दीनभाईंनी आधी काचेमागची जपानी दाखवली.
पात्यावर पाण्याच्या लाटांची नक्षी.
किंमत ऐकून मी फोन आल्यासारखं केलं.
मग त्यांनी खालचा खण ओढला.

"घरात वापरायची ना? मग ही बघा.
पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं पाहिजे,
ह्या तीन टिकल्या त्याच्यासाठी.
वरवर बसवलेली सहा महिन्यांत खुळखुळते."
मी मान डोलावली.
आपलं अकरा वर्षं टिकलं,
म्हणजे टिकल्या असाव्यात एखाद-दोन.

त्यांनी जुना पेपर घेतला, हवेत धरला
आणि 'वधू पाहिजे'चा रकाना
वरून खालपर्यंत चिरला.
आवाजसुद्धा नाही.
चार घरची चार स्थळं
काउंटरवर अर्धी अर्धी पडली.

"वापरणार कोण? हात केवढा?"

आणि माझा हात आपणहून काचेवर गेला,
मधल्या बोटाच्या वर एक पेर दाखवलं.
एवढा.
तळवा रुंद. अंगठा मागे वळतो.
कांदा चिरताना तर्जनी पात्यावर ठेवायची खोड,
डाव्या करंगळीवर जुना व्रण, सुरणाच्या वेळचा.
अर्जावर तुझा नवा पत्ता मी दोनदा चुकवला होता,
शेवटी वकीलबाईंनी खोडून लिहिला.
हे मात्र एका दमात.

"मग आठ इंची.
सहाची त्यांच्या हातात खेळण्यातली वाटेल."

सातशे साठ. सातशे वीसला दिली.
उरलेल्या एकशे साठात धारेचा दगड,
कारण तू आळशी आहेस
आणि ही पण समजावायला लागेल.

पुड्याला दोरी गुंडाळताना म्हणाले, "मिस्टरांना का?"
"मुलीच्या बाबांना."
दोरीचे दोन वेढे जास्त बसले.
मग खाली बघतच म्हणाले,
"सुरी फुकट देऊ नये, नातं कापतं म्हणतात.
त्यांच्याकडून एक रुपया घ्या. म्हणजे विकल्यासारखं होतं."

मला हसू आलं.
आमचं शिवाजीनगरच्या कोर्टात कापून झालंय, भाई,
परस्पर संमतीनं,
कलम आठमध्ये टाइप करून :
यापुढे उभयतांचे एकमेकांकडे
कोणतेही देणे-घेणे शिल्लक नाही.

तरी शाल्मलीला रुपयाचं सांगून पाठवलं.
का ते विचारू नकोस.

रविवारी रात्री ती आली,
हातात स्टीलचा डबा.
खमंग काकडी.
किसलेली नाही, चोचवलेली,
दाण्याचं कूट जाडसर, वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी,
कडेनं थोडं पाणी सुटलेलं.
झाकणावर चिकटपट्टीनं नाणं.

दोनाचं.

"बाबाकडे एकाचं नव्हतं," ती बूट काढता काढता म्हणाली.
"एक रुपया तुझ्याकडे राहिला म्हणाला."

काकडी आम्ही दोघींनी उभ्या उभ्याच संपवली.
डबा घासून ओट्यावर पालथा घातला.
माझ्या पर्समध्ये एकाची चार नाणी आहेत,
आत्ता मोजली.
पण डबाही परत जायचाय,
आणि रिकामा कसा पाठवायचा.